नाल्यातले शेजारी

आमच्या सोसायटीच्या मागे नाला आहे. बोरिवली पूर्वेला रिक्षावाल्याला 'नाल्याच्या अलीकडची बिल्डिंग' असं सांगितलं की तो बरोबर गेटपाशी आणून सोडतो. तेवढाच त्या नाल्याचा उपयोग. बाकी घरी पाहुणे आले की मागची खिडकी लावून घ्यायची आणि 'इकडे डास जरा जास्तच आहेत हं' असं म्हणून विषय बदलायचा.

मागच्या जूनमध्ये लिफ्टशेजारी नोटीस लागली. विषय क्रमांक तीन : मागील नाल्यावर स्लॅब टाकून मिळावा म्हणून महापालिकेला अर्ज करणे. सोबत सह्यांचा कागद. स्लॅब पडला की वास बंद, डास बंद आणि मुख्य म्हणजे वर गाड्या लावायला जागा. बॉस, बोरिवलीत पार्किंग! माझी गाडी गेली दोन वर्षं रस्त्यावर उभी आहे आणि तिचा आरसा दोनदा फुटलाय. तिसऱ्यांदा फुटण्याआधी सही करून टाकावी म्हणून मी पेन काढलंसुद्धा होतं. पण ऑफिसला उशीर होत होता, लिफ्ट आली आणि सही राहिली.

त्याच आठवड्यात एका लग्नाच्या रिसेप्शनला माझ्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम भेटल्या. (हो, एमबीए करण्याआधी मी बीएस्सी केलंय. सीव्हीवर ते दुसऱ्या पानावर असतं.) आइस्क्रीमच्या रांगेत मी त्यांना आमच्या पार्किंगची गुड न्यूज सांगितली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, पण तो नाला येतो कुठून, ते बघितलंस का कधी?"

नव्हतं बघितलं. घरी येऊन मोबाइलवर नकाशा उघडला. आमच्या बिल्डिंगमागची बारीक निळी रेघ वर सरकत सरकत दोन-तीन सोसायट्या, एक शाळा, एक गॅरेज ओलांडून सरळ हिरव्या रंगात शिरत होती. हिरवा रंग म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ज्याला मी इतकी वर्षं नाला म्हणत होते, तो डोंगरातून उतरणारा ओढा होता. फक्त आमच्यापर्यंत येईपर्यंत त्याचं नाव बदललं होतं.

ओढ्याचा पत्ता

थोडा भूगोल सांगते, कारण तो मलाच माहीत नव्हता. हे उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली-दहिसर, पूर्वेला मुलुंड, उत्तरेला ठाणे, दक्षिणेला गोरेगाव आणि आरे. यातल्या टेकड्या पाचशे मीटरच्याही आतल्या, पण पाऊस त्यांच्यावर सह्याद्रीच्या थाटात पडतो. विहार तलाव १८६० मध्ये तयार झाला, तुळशी १८७९ मध्ये. दहिसर नदी तुळशीकडून निघते आणि साधारण १२ किलोमीटरवर खाडीला मिळते. पोईसर आणि ओशिवरा याच डोंगरांतून पश्चिमेला उतरतात. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यांवर वाहते. मुलुंड-भांडुपच्या बाजूला उतरणारं पाणी ठाण्याच्या खाडीकडे जातं. आणि या मोठ्या नावांना येऊन मिळणारे आमच्यासारखे कितीतरी बिननावाचे ओहोळ.

मॅडमचं वर्षभराचं एक काम चालू होतं. उद्यानातल्या एका ओढ्याच्या तळाशी जे बिनकण्याचे बारीक प्राणी राहतात, म्हणजे किड्यांची पिल्लं, गोगलगाई, कृमी, खेकडे, ते ऋतूप्रमाणे कसे बदलतात हे मोजायचं. वनखात्याची रीतसर परवानगी होती. (ती नसताना उद्यानातल्या ओढ्यात उतरायचं नसतं, हे आधीच सांगते. पावसाळ्यात तर मुळीच नाही.) त्यांना ट्रे धरायला आणि वहीत आकडे लिहायला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, येते. वीकेंडला मॉलमध्ये भटकण्यापेक्षा बरं!

ऑगस्ट : हाउसफुल्लची पाटी, आत कुणी नाही

मला वाटलं होतं, पावसाळा म्हणजे ओढ्याचा सीझन. जिकडेतिकडे हिरवंगार, पाणीच पाणी, म्हणजे किड्यांची धमाल असणार. पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर, पाणी ओसरलेलं बघून आम्ही काठाकाठाने गेलो. मॅडमनी पहिला गोटा उलटा केला. खाली काही नाही. दुसरा, काही नाही. पाचव्या गोट्याला चिकटलेल्या दोन-चार काळपट अळ्या. संपलं.

माझा पडलेला चेहरा बघून मॅडम हसल्या. मुंबईत वर्षाला सव्वादोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उतार तीव्र, खडक काळा आणि कठीण. पाणी मुरायला थांबत नाही, सुसाट सुटतं. मोठा लोंढा आला की ओढ्याच्या तळाची वाळू, खडी, लहान गोटे, सगळं गडगडत खाली जातं. आपण राहतो ती बिल्डिंगच महिन्यातून चार वेळा जागेवरून हलली, तर आपण किती दिवस टिकू?

मग ऑगस्टमध्ये टिकतं कोण? ज्यांना धरून बसता येतं ते. त्या काळपट अळ्या ब्लॅकफ्लाय नावाच्या चावऱ्या माशीच्या. त्या आधी दगडावर रेशमाची एक इवलीशी गादी विणतात आणि शेपटीकडच्या आकड्यांनी तिच्यात स्वतःला अडकवून घेतात. मग डोक्यावरचे पंखे उघडून वाहत्या पाण्यातला खाऊ गाळून खातात. विरार फास्टच्या दारात हँडल धरून उभं राहायचं आणि वर डबाही उघडायचा, असा प्रकार! बाकीचे दडून बसतात. मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, काठच्या झाडांच्या मुळांत आणि मुख्य म्हणजे तळाच्या खडीच्या खाली. ओढा आपल्याला दिसतो तिथे संपत नाही. तळाच्या खडी-वाळूच्या फटींतूनही पाणी झिरपत असतं आणि लोंढ्याच्या वेळी कितीतरी जीव तिथे खाली उतरतात. ओढ्याचं ते बेसमेंटच म्हणा.

पावसाळ्याचे खरे राजे म्हणजे खेकडे. मृगाचा पाऊस झाला की बिळांतून बाहेर पडतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी अंडी पोटाखालच्या घडीत सांभाळते. त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतात. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यावर तरंगत फिरतात, तसं यांच्यात नाही. म्हणूनच डोंगराडोंगरागणिक यांच्या जाती वेगळ्या होत गेल्या. २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून एका फटक्यात पाच नव्या जातींची नोंद झाली. आपण मात्र त्यांना रस्सा आणि सुकं या दोनच जातींत ओळखतो.

डिसेंबर : खरा हाउसफुल्ल

हत्तीचा पाऊस गेला, नवरात्र गेलं, दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी पाणी निवळलं आणि वाहतं पण शहाण्यासारखं झालं. दगडांवर शेवाळाचा बारीक थर धरला. आम्ही डिसेंबरात पुन्हा गेलो.

पहिला गोटा उलटा केला आणि मी चक्क ओरडले. सगळा दगड हलत होता!

मेफ्लायची पिल्लं, चपटी, दगडाला अगदी कागदासारखी चिकटलेली, पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले आणि मागे शेपटीचे लांब धागे. कॅडिसफ्लायच्या अळ्या. यातली एक जमात वाळूचे कण रेशमाने एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते घर घेऊनच फिरते. (ना बिल्डर, ना होम लोन!) दुसरी जमात दगडांच्या फटीत जाळं विणून प्रवाहाकडे तोंड करून बसते. टाचणीची पिल्लं, शेपटीला पानासारखे तीन कल्ले. आणि चतुराची पिल्लं. यांचा फंडा सॉलिड आहे. खालचा ओठ घडी करून तोंडाखाली ठेवलेला असतो. सावज जवळ आलं की तो सटकन पुढे फेकायचा आणि पकडायचं. पळायची वेळ आली तर मागून पाण्याची पिचकारी मारून जेटसारखं पुढे जायचं.

चार महिन्यांपूर्वी इथे कुणी नव्हतं. मग ही एवढी मंडळी आली कुठून? मॅडमनी बोटं मोजली. एक, खडीखालच्या बेसमेंटमधून वर आली. दोन, वरच्या ओढ्यातून वाहत आली. हे प्राणी मुख्यतः रात्री दगड सोडून प्रवाहाबरोबर थोडं खाली सरकतात. तीन, खालून सरपटत वर आली. आणि चार, हवेतून आली. म्हणजे पंख फुटलेल्या माद्यांनी येऊन अंडी घातली.

पण सगळे वाहत खालीच जात असतील, तर एक दिवस वरचा ओढा रिकामा व्हायला नको? हा प्रश्न स्वीडनमधल्या कार्ल म्युलर या संशोधकालाही पडला होता. १९५४ मध्ये त्याने उत्तर सुचवलं. पिल्लं पाण्यातून खाली जातात, पण पंख फुटल्यावर माद्या उडत वरच्या दिशेला जाऊन अंडी घालतात, त्यामुळे हिशेब जुळतो. सकाळी चर्चगेट, संध्याकाळी बोरिवली. आपलंही तेच चाललंय की!

एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवायचा. युरोपातल्या थंड ओढ्यांत बऱ्याच मेफ्लायची वर्षाला एकच पिढी होते, ठरल्या आठवड्यात ढगासारखे थवे उठतात. आपल्याकडे पाणी कोमट, वाढ झपाट्याने. वर्षात एकाहून जास्त पिढ्या होऊ शकतात. आपल्या ओढ्याचं कॅलेंडर थंडी-उन्हाळ्यावर चालण्याऐवजी पावसावर चालतं. पाऊस झाडून नेतो, पावसानंतर भरतं, उन्हाळ्यात आटतं. आणि मेफ्लायची ती प्रसिद्ध गोष्ट खरी आहे. पंख फुटल्यावर ती काही खात नाही, जेमतेम काही तास ते एक-दोन दिवस जगते. आयुष्य सगळं दगडाखाली काढायचं आणि शेवटचा एकच वीकेंड बाहेर. मला उगाचच आमच्या ऑफिसातले काही सीनियर आठवले.

अप्रेझल

मॅडम हे सगळं हौस म्हणून मोजत नव्हत्या. पाण्याची बाटली भरून लॅबमध्ये दिली की त्या क्षणाचं पाणी कसं आहे ते कळतं. पण अप्रेझलच्या आठवड्यात सगळेच नऊला ऑफिसात हजर असतात. बॉसला कळायला हवं की बाकीच्या एकावन्न आठवड्यांत काय चाललं होतं. दगडाखालचा किडा तिथेच आठवडे-महिने राहिलेला असतो. रात्री दोन वाजता कुणी टँकर रिकामा केला, तर सकाळपर्यंत पाणी स्वच्छ दिसेल, पण किडा मेलेला असेल. तो रजा घेत नाही आणि खोटंही बोलत नाही.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात यावरून गुणांची एक पद्धत तयार झाली. भरपूर प्राणवायू लागणाऱ्या, घाण अजिबात न सोसणाऱ्या कुळांना १० गुण. चपट्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय त्यात येतात. घाणीतही निवांत जगणाऱ्यांना कमी गुण. कायरोनॉमिड नावाच्या, न चावणाऱ्या माशीच्या अळ्यांना २ आणि पाण्यातल्या कृमींना १. ट्रेमध्ये सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज आणि सरासरी काढायची. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर भारतीय नद्यांसाठी निकष बसवले.

फक्त एक पथ्य. ऑगस्टमधला ट्रे डिसेंबरच्या ट्रेशी ताडून बघायचा नाही. ऑगस्टमध्ये ट्रे रिकामा असला म्हणजे ओढा मेला असं होत नाही. तो पावसाळा असतो. ऑगस्टची तुलना ऑगस्टशी, डिसेंबरची डिसेंबरशी. हे ऐकताना मला आमची नोटीस आठवली. तिच्यासोबत मे महिन्यात काढलेला नाल्याचा फोटो जोडलेला होता, कोरडा, कचऱ्याने भरलेला. खाली लिहिलं होतं : 'मृत नाला'.

जानेवारी : आमचं प्रगतिपुस्तक

जानेवारीत एका रविवारी मॅडमना घरी बोलावलं. गमबूट, जाड हातमोजे घालून आम्ही सोसायटीच्या मागच्या गेटातून नाल्यात उतरलो. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत हळूहळू गर्दी जमली.

ट्रेमध्ये लालभडक अळ्यांचा गुंता आला. कायरोनॉमिडच. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे प्राणवायू जवळपास नाही तिथेही त्या तगतात. जोडीला चिखलात डोकं खुपसून शेपट्या हलवणारे ट्युबिफेक्स. फिश टँकवाल्यांकडे माशांचं खाणं म्हणून मिळतात तेच. एका कडेला दोन गोगलगाई. मेफ्लाय एकही नाही. आम्ही नापास. दीडेक किलोमीटर वर, त्याच पाण्यात, त्याच महिन्यात दगड हलत होता आणि इथे हे.

"पण मेलेला नाहीये," मॅडम म्हणाल्या. "वर बियाणं शिल्लक आहे, अगं. रोज रात्री ते खाली येतंय. इथे पोचल्यावर मरतंय, एवढंच."

साडेनऊच्या सुमाराला माझ्या गमबुटाभोवती पांढरा फेस जमायला लागला. छान सुवास होता. ओळखीचा. आमच्याच घरात वापरतो त्या पावडरचा! रविवार सकाळ, सगळ्या घरांतली वॉशिंग मशिन्स चालू. फेसाचा माग काढत गेलो, तर 'बी' विंगच्या मागच्या भिंतीतून एक पाइप सरळ नाल्यात उघडत होता. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी सोयीचं म्हणून बाथरूम-किचनचं पाणी गटाराच्या लाइनीऐवजी इकडे सोडून दिलं होतं. मी 'बी' विंगमध्येच राहते. खिडकी लावून घेत होते ती माझ्याच सांडपाण्याच्या वासावर.

मे : शेवटचा डोह

मार्च ते मे आम्ही आणखी दोनदा वरच्या ओढ्यावर गेलो. थंडी सरताना साग, ऐन पानं टाकतात. ती ओढ्यात पडतात, बुरशी धरते, मऊ पडतात आणि खेकड्यांपासून बारीक किड्यांपर्यंत सगळ्यांना जेवण होतं. पण पाणी रोज कमी होत असतं. खळखळणारा भाग आधी बंद पडतो, त्याबरोबर वाहत्या पाण्यावर जगणारी मेफ्लाय-कॅडिसफ्लायची मंडळी आटोपतं घेतात. मग उरतात सुटे सुटे डोह. एप्रिलमधल्या डोहात मला दिसले ते बहुतेक शिकारीच. चतुराची पिल्लं, पाणभुंगे, पाणढेकूण. जागा कमी, पाणी गरम, प्राणवायू कमी आणि खाणारी तोंडं जास्त.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात डोहाच्या जागी तडकलेला चिखल होता. मॅडमनी एका ठिकाणी वीतभर खडी बाजूला केली. खाली ओल होती. त्या ओलीत काही बारीक जीव वळवळले. खेकडे बिळांत खोल गेलेले. बाकी कुणाची अंडी, कुणी उडून दुसऱ्या पाण्यावर. लगेच सगळी खडी जशीच्या तशी परत ठेवली. "या खडीखाली सिमेंट असतं, तर?" मॅडमनी सहज विचारलं. त्या सहज विचारत नव्हत्या हे मला कळलं.

सिमेंटचा तळ म्हणजे बेसमेंट नाही. पावसाळ्यात दडायला जागा नाही, उन्हाळ्यात ओल नाही. वर स्लॅब म्हणजे उजेड नाही, शेवाळ नाही, उडत येऊन अंडी घालायची सोय नाही. मग कितीही बियाणं वरून येवो.

विषय क्रमांक तीन

अर्जाचा विषय वर्षभर पुढे ढकलत ढकलत अखेर मेच्या शेवटच्या रविवारी मतदानाला आला. मी लॅपटॉपवर बारा स्लाइड्स करून नेल्या होत्या. सेक्रेटरी काकांनी दुसऱ्याच स्लाइडला घड्याळ बघितलं. पाइपचा फोटो आल्यावर मात्र 'बी' विंगमध्ये एकदम शांतता पसरली. (तो पाइप मार्चमध्येच गटाराच्या लाइनीला जोडून झाला होता. खर्च सगळ्यांत वाटला. माझ्याशी दोन घरं अजून बोलत नाहीत.)

खरी अडचण होती तळमजल्यावरच्या काकूंची. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे वर्षाच्या पावसाचा चाळीसेक टक्के एका दिवसात. काकूंच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. धान्य, गाद्या, मुलीचे दाखले, लग्नाचे फोटो, सगळं गेलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या किड्यांचं माझं काही भांडण नाही. माझ्या घरात पुन्हा पाणी शिरणार नाही, असं लिहून देशील?"

बारा स्लाइड्समध्ये याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "नाही देऊ शकत, काकू. कुणीच नाही देऊ शकत. स्लॅबवालेही नाही." मला माहीत होतं तेवढं सांगितलं. स्लॅबने नाला मोठा होत नाही. झाकलेल्या नाल्यातला गाळ काढणं जास्त कठीण, आणि आत काय अडकलंय ते वरून दिसत नाही.

काकू खाली बसल्या. जरा वेळाने बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "दिसत नाही... हे मात्र खरं. त्या दिवशी दुपारी मी मागच्या खिडकीत उभी होते. पाणी पायरी पायरीने चढताना दिसलं, म्हणून तर पोरीला घेऊन वेळेवर वर गेले. झाकलेलं असतं तर थेट घरातच कळलं असतं."

एवढं बोलून त्यांनी पर्स उघडली आणि सुपारी काढली. माझ्या स्लाइड्सनी जे झालं नसतं, ते त्या दोन वाक्यांनी केलं. अर्ज थोड्या मतांनी बारगळला. त्याऐवजी दुसरा गेला : मेअखेर गाळ काढावा आणि वरच्या सोसायट्यांचे असे पाइप तपासावेत. पार्किंगवाले माझ्यावर चिडले आहेत आणि त्यांचंही बरोबर आहे. मलाही गाडी लावायला जागा हवीच आहे.

आत्ता

हे लिहितेय तेव्हा मृग लागलाय. काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सकाळी मागची खिडकी उघडली (आता उघडते), तर नाला चहाच्या रंगाचा आणि भरून वाहत होता. त्यात कुठेतरी वरून निघालेल्या मेफ्लायची पिल्लं असतील आणि आत्ता तरी ती इथे टिकणार नाहीत. ऑगस्टपर्यंत तळ धुऊन निघेल. माझ्या बाजूने एक पाइप कमी झालाय, वर अजून किती आहेत ते मला माहीत नाही.

पंधरा दिवसांत पावसाच्या डबक्यांवर पिवळसर चतुर घिरट्या घालायला लागतील. अंधेरीत ऑफिसच्या खाली सिगरेट ओढायला जाणाऱ्यांनी जरा वर बघा. हा भटक्या चतुर डबक्याच्या तळाशी पिल्लू म्हणून महिना-दीड महिना काढतो आणि उडतो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं की पावसाळा संपला की हे चतुर भारतातून मालदीववरून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. व्हिसा नाही, ऑनसाइट नाही, एचआरचा मेल नाही.

आमचा ट्रे डिसेंबरात पुन्हा नाल्यात उतरणार आहे. जानेवारीपर्यंत थांबायचं नाही असं ठरलंय, आणि या वेळी काकूही खाली येणार आहेत म्हणे. लाल अळ्यांच्या गुंत्यात एखादं जरी शेपटीचे धागे हलवणारं चपटं पिल्लू सापडलं, तर सोसायटीच्या बोर्डावर फोटो लावणार. नाही सापडलं, तर आणखी वरचे पाइप शोधणार.

तोवर एक सांगते. तुमच्या बिल्डिंगमागेही नाला असेल. मुलुंडला असेल, घाटकोपरला असेल, आरेच्या कडेला असेल. एका संध्याकाळी मोबाइलवर त्याची निळी रेघ वर वर सरकवून बघा, ती कुठल्या हिरव्यात शिरते ते. आणि रविवारी सकाळी साडेनऊला मागच्या गेटापाशी जाऊन उभे राहा. फेस आला तर वास घ्या. ओळखीचा निघाला तर मला कळवा.

माझा आरसा कालच्या पावसात तिसऱ्यांदा फुटला.